एसीची कॉपर लाइन: पीओपीच्या फॉल्स सीलिंगआधी एवढं बघाच
भाऊ, एसीच्या दोन तांब्याच्या पाइपांबद्दल कोणीतरी लिहिलंय की फक्त जाड पाइपला इन्सुलेशन लावा, बारीक उघडा राहिला तरी चालतो. नागपुरात नाही चालत. मे महिन्यात गच्चीवर ४५ च्या वर पारा जातो, तिथे लिक्विड लाइन (म्हणजे तो बारीक पाइप) उन्हात तापली की कूलिंग पडतंच, म्हणून दोन्हीला वेगवेगळं नायट्राइल रबराचं इन्सुलेशन लावा आणि बाहेरच्या भागाला वरून क्लॅडिंग (कडक आवरण), नाहीतर उन्हाने रबर तडकतं.

पण खरं काम ब्रेझिंगचं, म्हणजे पाइपांचे जॉइंट तापवून धातूने भरण्याचं आहे. ते चालू असताना पाइपातून हळूहळू नायट्रोजन सोडायला लावाच, सिलिंडर वर चढवायचा कंटाळा म्हणून मिस्त्री टाळतात. एक जॉइंट कापून आत बघा, तांबं स्वच्छ दिसलं तर ठीक, नायट्रोजन न सोडल्याने धरलेला काळा पापुद्रा दिसला तर तिथेच काम थांबवा, तोच पुढे जाऊन एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (गॅसचा दाब उतरवणाऱ्या बारीक झडपेत) अडकतो.

मग नायट्रोजन भरून २४ तास प्रेशर ठेवा आणि दोन्ही दिवशी एकाच वेळी रीडिंग घ्या, कारण दुपारचं प्रेशर पहाटे कमी दिसणारच, तो लीक नसतो. त्यानंतर पंपाने पाइप रिकामा करून व्हॅक्यूम मायक्रॉन गेजवर (अगदी कमी दाब मोजणाऱ्या मीटरवर) ५०० मायक्रॉनच्या खाली आणा, साध्या काट्याच्या गेजवर ते कळत नाही. हे झाल्याशिवाय पीओपीवाल्याला हात लावू देऊ नका.