अकराव्या वर्षीची चाळणी : ग्रामर शाळा हव्यात का?

मेडस्टनकर : ‘ग्रामर शाळा हीच गरीब पण हुशार मुलांची एकमेव शिडी आहे, म्हणून त्या इंग्लंडभर पुन्हा काढाव्यात’ हे इथले कालचे लेखन वाचून राहवले नाही. ग्रामर शाळा म्हणजे अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या सरकारी शाळा. १९४४ च्या कायद्याने सरकारी माध्यमिक शिक्षण निःशुल्क केले खरे. परंतु त्यापाठोपाठ ग्रामर, टेक्निकल आणि सेकंडरी मॉडर्न अशा तीन प्रकारच्या शाळांत मुलांची जी प्रतवारी आली, तीत टेक्निकल शाळा फारशा निघाल्याच नाहीत आणि इलेव्हन प्लस या निवड परीक्षेत मागे पडलेल्या बहुसंख्य मुलांच्या वाट्याला सेकंडरी मॉडर्न आली. आमच्या केंट परगण्यात ही चाळणी आजही चालू आहे. माझी थोरली ग्रामरमध्ये आहे, धाकट्याची निवड झाली नाही. वेगळ्या गणवेशात तिच्याशेजारी उभे राहावे लागू नये म्हणून तो पुढच्या बसथांब्यापर्यंत चालत जातो.

स्लाउकर : मुलाचे वाईट वाटते, पण मी रात्रपाळी करणारी परिचारिका आहे. खासगी शाळेची फी, तीवर जानेवारी २०२५ पासून २० टक्के व्हॅट, हे मला परवडणारे नव्हते. माझी मुलगी स्वतःच्या बुद्धीवर ग्रामरमध्ये गेली.

लीड्सकर : बुद्धीवर? क्लास लावला नव्हता का, एवढेच सांगा.

स्लाउकर : लावला होता, कारण त्या परीक्षेतले व्हर्बल रीझनिंग, म्हणजे शब्दांवर आधारित तर्काचे प्रश्न, तिच्या प्राथमिक शाळेत शिकवतच नव्हते. त्यासाठी मी जादा पाळ्या केल्या. कष्टांना गुन्हा ठरवू नका!

लीड्सकर : कष्टांना कोणीही नावे ठेवलेली नाहीत. ज्या आईला जादा पाळीच मिळत नाही, तिच्या मुलाने काय करावे? उरलेल्या १६३ ग्रामर शाळांत शाळेत मोफत जेवणास पात्र, म्हणजे गरीब घरच्या, मुलांचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी कमी आहे.

मेडस्टनकर : शिक्षणमंत्री क्रॉसलंड यांचे, परीक्षेविना सर्व मुले घेणाऱ्या काँप्रिहेन्सिव्ह शाळांकडे वळा असे सांगणारे १९६५ चे परिपत्रक थॅचरबाईंनी १९७० मध्ये मागे घेतले, तरी त्या शिक्षणमंत्री असतानाच काँप्रिहेन्सिव्ह शाळा वाढत राहिल्या. अनेक पालकांनाच ही चाळणी नको होती, हेही लक्षात घ्या.

स्लाउकर : क्लासचा मुद्दा नाइलाजाने मान्य करते. मग तयारी प्राथमिक शाळांतच करून घ्या. ग्रामर बंद केल्याने चांगल्या काँप्रिहेन्सिव्हमध्ये प्रवेशासाठी जिथे राहावे लागते, त्या हद्दीतली घरे स्वस्त होणार आहेत का? तिथे मुलाची परीक्षा होत नाही, बापाच्या गृहकर्जाची होते. तुमचे घर कुठे आहे?

लीड्सकर : चांगल्या शाळेच्या हद्दीतच, आणि शाळा पाहूनच घेतले. म्हणून तर ब्रायटन शहराने २००८ च्या प्रवेशांपासून केले तसे, अर्ज जास्त आले की हद्दीतल्या जागा सोडतीने द्याव्यात, असे माझे म्हणणे आहे. तुम्हाला चालेल?

स्लाउकर : काँप्रिहेन्सिव्हसाठी चालेल. ग्रामरला हात लावू देणार नाही.