'बिल्ड एन्व्हायर्नमेंट' आणि 'मेंटेनन्स बर्डन'ला मराठीत काय म्हणावं?

टंकपाटील: मुक्त सॉफ्टवेअरबद्दलचा एक लेख मराठीत करतोय. 'बिल्ड' म्हणजे लिहिलेल्या कोडमधून चालणारा प्रोग्राम तयार करणं. 'अनेक बांधणी-वातावरणांचा देखभाल-भार' असं लिहून बसलो आणि माझं मलाच कळेना. सुचवा काहीतरी.

ओसरी: 'बांधणी' राहू द्या, जहाजबांधणी सगळ्यांना ठाऊक आहे. 'वातावरण' काढा, हवामान खात्याचं वाटतं. कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम), लायब्रऱ्या, स्क्रिप्ट, ऑपरेटिंग सिस्टिम हे सगळं मिळून 'सरंजाम' म्हणा. बांधणीचा सरंजाम.

चकवा: सरंजामशाही आठवली :)

मेकवाला: आधी काम काय असतं ते बघा, मग शब्द. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या 16व्या आवृत्तीत (2023) बांधणीच्या तीन वाटा होत्या: जुनं ऑटोकॉन्फ-मेक, विंडोजच्या व्हिज्युअल स्टुडिओसाठी घरच्याच पर्ल स्क्रिप्ट, आणि नव्यानं आलेलं मेसन. सी भाषेतली एक नवी फाइल घातली की मेकफाइलच्या (मेकसाठीच्या सूचनांच्या फाइलीच्या) यादीत तिचं नाव 'डॉट ओ' लावून लिहायचं, मेसनच्या यादीत 'डॉट सी' लावून. पर्लवाली वाट मेकफाइल वाचूनच आपली यादी करायची, म्हणजे मेकफाइल लिहिण्याची ढब बदलली की तिकडे अडायची धास्ती. बदल करणारा बसलाय लिनक्सवर, मोडणार विंडोजवर, आणि निस्तरणार तिसराच. शेवटी 17व्या आवृत्तीत (2024) पर्लची वाट बंद केली. तरी दोन उरल्याच.

याला 'डागडुजी' नका म्हणू. डागडुजी मोडल्यावर करतात, इथे काही न मोडताही रोज हात लावावा लागतो. माझं मत 'उस्तवार'ला.

ओसरी: उस्तवारीत थोडी तरी माया असते हो. हा नुसता जाच. सरळ 'बोजा' लिहा.

निरगाठ: 'बोजा' म्हटलं की फक्त वेळ आणि मेहनत डोळ्यांपुढे येते. लक्ष फाटतं त्याचं काय? एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं 2024चं प्रकरण घ्या, त्यात गुपचूप चोरवाट (बॅकडोअर) घातलेली सापडली. तिथे बांधणीसाठी ऑटोटूल्सही आहे आणि सीमेकही. मुख्य चोरवाट ऑटोटूल्सच्या बाजूनं आत आली, त्यावर भरपूर लिहून झालंय. सीमेकच्या फाइलीतली करामत मला जास्त भारी वाटते. लँडलॉक ही लिनक्सची सुरक्षा-सोय यंत्रावर आहे का, हे तपासायला त्यात छोटासा सी प्रोग्राम होता. त्यात एका ओळीवर नुसतं एक टिंब टाकून ठेवलेलं. त्यामुळे तो प्रोग्राम कधीच कंपाइल व्हायचा नाही, तपासणी म्हणायची 'सोय नाही', आणि लँडलॉक गुपचूप बंद. ओरड कुठेच नाही, कारण जुन्या यंत्रांवर 'सोय नाही' हेच खरं उत्तर असतं! मोठी चोरवाट उघडकीला आल्यावरच ते टिंब लोकांना दिसलं. म्हणून शब्दात 'निगराणी' यायला हवी.

मेकवाला: मान्य. पण निगराणी हे काम झालं, त्याचा ताण नाही.

टंकपाटील: मग शीर्षकात 'बांधणीच्या अनेक सरंजामांची उस्तवार' आणि मजकुरात 'देखभालीचा बोजा' ठेवतो. एक्सझेडच्या परिच्छेदात 'निगराणी' घेतो. चकवा, सरंजामशाहीची तळटीप तुम्ही लिहा.

चकवा: लिहितो. पुढच्या पानावर 'क्रॉस-कंपाइल' (एका यंत्रावर दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठी कंपाइल करणं) आहे, त्याचं काय करताय?