आबाजीच्या जीपले टायर कोणते टाकू? नायलॉन का रेडियल? (सीजे-3बी, 6.00-16)

पांदणवाला:
राम राम मंडळी. आबाजीची जीप आहे, महिंद्राची सीजे-3बी, पेट्रोलवाली, हरिकेन इंजिन. सात-आठ वर्षं गोठ्याजवळ टिनाखाली उभी होती, दिवाळीपासून मी अन् गावचा मिस्त्री मिळून लागलो तिच्या मागं, आता इंजिन मस्त बोलते, ब्रेकचे सिलिंडर नवे टाकले, गाडी अडली ती टायरवर. चारही नायलॉनचे आहेत. वरून नक्षी पाहसान तं वाटते अजून दोन वर्षं जातीन, पण बाजूनं पाहिलं तं मे महिन्यातल्या काळ्या वावरावानी भेगा. एका भेगेत तं चाबी उभी राहते, फोटो टाकत नाही, लाज वाटते.

तालुक्याले टायरवाल्याकडं गेलो तं तो म्हणे नायलॉन आता कोण घेते भाऊ, 16 इंची रिम काढून 15 चे टाक अन् 215/75 रेडियल घे, सोफ्यावानी चालते. त्याच्या बाजूचा दुसरा म्हणे रिम कायले बदलतं, हेच साइज ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाले येते, 6.00-16, स्वस्तात होते, घेऊन जाय. मी तसाच वापस आलो.

वापर असा: वावरात जायची पांदण, पावसाळ्यात चिकण चिखल, आठवडी बाजार, अन् मे मध्ये चुलतभावाचं लग्न आहे तं नवरदेव जीपमधून जाईन असं आबाजीनं सगळ्या गावाले सांगून टाकलं. वऱ्हाड आर्वीले जाणार म्हणजे थोडा डांबरी रोडही आला. आबाजी म्हणते जसे होते तसेच आण. माझं मन रेडियलवर आहे. सांगा बाप्पा काय करू.

कमानपाटा:
पयले तो ट्रॅक्टरचा टायर डोक्यातून काढ. साइज तेच आहे, अगदी खरं, रिमवर फसकन बसते बी, म्हणूनच लोक फसतात. त्या टायरच्या बाजूले पाहाय, ए6 नाही तं ए8 लिहिलं असते. ए6 म्हणजे 30 ची स्पीड, ए8 म्हणजे 40 ची. त्याच्यावर ज्या तीन उभ्या पट्ट्या असतात त्या नांगरटीत चाक आडवं सरकू नये म्हणून, ओल्या डांबरावर ब्रेक मारला तं त्या पट्ट्या काही धरत नाहीत. बाजारापर्यंत चालून जाईन, नवरदेव घेऊन 60 नं गेला तं टायर तापून काय होईन ते मी इथं लिहीत नाही.

आता नायलॉन-रेडियल. नायलॉन म्हणजे बाजेची वीण समज. दोरे तिरपे, एक थर इकडून तिकडं, दुसरा त्याच्यावर उलटा, अन् हेच थर बाजूलेही अन् वरही. रेडियल म्हणजे बैलगाडीचं चाक. दोरे आऱ्यावानी सरळ एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, अन् वरून स्टीलच्या पट्ट्यांची धाव. म्हणून रेडियलची धाव रोडवर सपाट बसते, टायर कमी तापते, पेट्रोल कमी खाते, झिजते बी कमी. पण बाजू पातळ. तुझ्या पांदणीले दोन्ही बाजूनं पऱ्हाटीचे खुंट अन् तुरीचं धसकट असणारच. खुंट बाजूले घुसला का रेडियल संपला, तिथं पंक्चर निघत नाही. नायलॉनची बाजू जाड, खुंट सहसा खरचटून जाते, अन् कापलंच तं पंक्चरवाला आतून गेटर (जुन्या टायरचा जाड तुकडा) टाकून वावरातून घरापर्यंत आणून देते. (गेटरवर हायवेले जाऊ नये, हे बी सांगून ठेवतो.)

माझं मत नायलॉन. पण जीपचा, ट्रॅक्टरचा नाही.

पद्मिनीवाला_अकोला:
कमानपाटा दादा, पूर्ण सहमत नाही. माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे, तिला 5.20-14 नायलॉन होते. रोडवर जिथे चाकोरी पडली असेल किंवा काँक्रीटची फट असेल तिकडे गाडी आपोआप ओढायची, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसायचं, नागपूरला पोचेपर्यंत खांदे दुखायचे. आणि सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर धडधड धडधड, कारण रात्रभर उभी राहून नायलॉन खालून चपटा होतो, गरम झाला की मग गोल होतो. बायको म्हणायची गाडीला खोकला झाला. रेडियल टाकले आणि दोन्ही गोष्टी गेल्या. एकच तोटा, गाडी उभी असताना स्टिअरिंग जड झालं, पॉवर स्टिअरिंग तर नाहीच. आणि रेडियल खालून थोडा फुगलेला दिसतो, शेजारी रोज सांगतात हवा कमी आहे म्हणून, ऐकून घ्यायचं.

लग्न मे मध्ये आहे हे विसरू नका. आपल्याकडे मे म्हणजे 45 अंश, डांबर मऊ होतं. त्या उन्हात तापलेला नायलॉन आणि मागे पाच-सहा वऱ्हाडी, मला तरी भीती वाटते.

कमानपाटा:
भीती बरोबर आहे, पण त्याचं औषध स्पीड अन् हवा. हवा कमी असली तं कोणताही टायर तापते, नायलॉन जास्त. 50-55 नं जायचं, मधात एक चहा प्यायचा, टायरले हात लावून पाहायचा. तशी बी ती जीप 60 च्या वर गेली का गाते, ऐकणाऱ्याले कळते. समृद्धीवर मात्र नेऊ नको पांदणवाला, तिथं कारची मर्यादा 120 ची आहे, तू 55 नं चालशीन तं मागचे लोक तुलेच शिव्या देतीन.

अन् पद्मिनी वेगळी, जीप वेगळी. जीपचा पुढचा धुरा एकच सलग, पाट्यावर बसलेला. रिम साडेचार इंच रुंदीचा. त्या रिमवर 215 बसवायचा नाही, त्याले 15 चा रुंद रिम लागते हे टायरवाल्यानं बरोबर सांगतलं, पण पुढचं नाही सांगतलं. नटाचा सर्कल साडेपाच इंची, पाच नट, तसा रिम भेटून जाते. पण रुंद रिम बाहेर निघते, मंग किंगपिनच्या (पुढचं चाक ज्या खिळ्यावर वळते त्याच्या) बेअरिंगवर अन् स्टिअरिंग बॉक्सवर वजन येते. साठ वर्षांच्या बॉक्समधे आधीच ढिल असते, एखांद्या खड्ड्यात पुढची चाकं अशी थरथर करतीन का स्टिअरिंग हातातून सुटते. म्या पाहिलं आहे.

उंचीचं मात्र काही बिघडत नाही, 215/75 आर 15 पावणे अठ्ठावीस इंचाच्या आसपास भरते, 6.00-16 त्याच्यापेक्षा थोडासाच मोठा. मीटर फार खोटं बोलणार नाही. ते आधीच बंद असन तं सोडून दे.

घाटातला_पोट्टा:
माझी चूक सांगतो, हसा पाहिजे तेवढं. पैसे कमी होते तं दोनच रेडियल घेतले अन् म्हटलं स्टिअरिंग पुढं असते, पुढं चांगले टायर पाहिजे, पुढं लावले. मागं जुने नायलॉन. चिखलदऱ्याच्या घाटात पहिल्या पावसात उतरत होतो, पुढच्या चाकानं वळण धरलं अन् मागची गाडी आपल्याच मनानं दुसरीकडं निघाली. दरीच्या बाजूनं नाही गेली, डोंगराच्या बाजूनं नालीत गेली, म्हणून लिहून राहिलो. नंतर कळलं का एका धुऱ्यावर तं मिसळायचेच नाहीत, अन् दोन-दोनच असतीन तं रेडियल मागं पाहिजे. खरं म्हणजे पाचही एकच घ्या, स्टेपनी धरून. रेडियलच्या गाडीले नायलॉनची स्टेपनी लागली का त्या दिवशी परत तेच लफडं.

अन् ट्यूब. जुन्या रिमवर ट्यूबलेस बसवून देतो म्हणणाऱ्याले हात जोडा. त्या रिमच्या काठाले तो उंचवटाच नसते, हवा कमी झाली का टायर रिमवरून उतरते. रेडियल घेतला तं ट्यूबही रेडियलचीच घ्या.

सिव्हिललाइन्सवाला:
विषयांतर, पण गाडी कोणत्या सालची? 50 वर्षांच्या वर असेल तर 2021 च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरमध्ये व्हीए येतं, फी 20,000. पण चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठा बदल केलेला चालत नाही, आणि मुख्य म्हणजे अशी गाडी रोजच्या कामाला रोडवर काढता येत नाही. तुम्हाला बाजारात न्यायची आहे, त्यामुळे त्या भानगडीत पडू नका असंच म्हणेन.

पांदणवाला:
सगळ्याईचे आभार. कागदावर 1968 ची आहे, पण व्हिंटेज-बिंटेज नको, आबाजी तिच्यात ढेप आणते.

नायलॉन घेतले. पाचही, जीपचे, ट्यूबसकट. रेडियलवर मन होतं पण रिम, किंगपिन हे सगळं वाचून खिशाकडं पाहिलं. पहिल्या दुकानात ‘एकदम नवा माल’ म्हणून दाखवला, बाजूचे चार आकडे पाहिले तं 3617. म्हटलं भाऊ हा तं 2017 चा 36 वा आठवडा आहे, माह्या टिनाखालचा जुना माल तुह्याकडं कसा आला. तो म्हणे वापरला नाही म्हणजे नवाच. मंग यवतमाळहून आणले, मागच्या वर्षीचे.

आज सकाळी पहिल्यांदा काढली. पद्मिनीवाले दादा, धडधड खरी आहे, मले वाटलं चाकाचे नट ढिले राहिले, उतरून पाना लावून पाहिले. आबाजी आतूनच म्हणे, चाल चाल, ते गरम होऊ दे, 1970 पासून असंच वाजते.

आता एवढं सांगा, हवा किती ठेवू? टायरवाल्यानं चारही चाकाइले 40 मारून दिली.

कमानपाटा:
40?? आजच काढ. मी माझ्या जीपले पुढं 24, मागं 26 ठेवतो, वऱ्हाडी बसले तं मागं 30. थंड टायरवर मोजाय, बाजारातून आल्यावर नाही.