उचलून आणलेले, चालत आलेले, उडत आलेले

रस्त्यावरून उचललेले, कुणीतरी सोडून दिलेले, स्वतःच दारात येऊन बसलेले प्राणी ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी इथे लिहावं. ठाणे-नवी मुंबईत अशी घरं किती आहेत ते सकाळी उपवनला किंवा वाशीच्या सागर विहारला एक फेरी मारली की कळतं. खर्च, सोसायटीच्या मीटिंगा, लिफ्टवरून होणारे वाद यांवर आपण एरवी बोलतोच, बोलायलाही हवं. इथे मात्र आनंदाबद्दल लिहा. तुमचं जनावर नेमकं काय करतं ते सांगा. कुत्राच असला पाहिजे असं अजिबात नाही.

सुरुवात मी करते.

पाचपाखाडी, ठाणे

आमची भिंगरी नितीन कंपनीच्या पुलाखाली राहायची. डाव्या कानाला खाच, म्हणजे नसबंदी करून पुन्हा तिच्या जागी सोडलेली. एका रात्री गाडीने उडवलं आणि मागचा एक पाय काढावा लागला. घरी आणली तेव्हा ती पलंगाखाली गेली आणि तिथेच राहिली. कुणी बघत असेल तर जेवायची नाही, म्हणून ताटली सरकवून आम्ही सगळे स्वयंपाकघरात जाऊन उभे राहायचो. दत्तक देणाऱ्या ताईंनी सांगितलं होतं, तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने, असं टप्प्याटप्प्याने कुत्रं उमलतं. हिने जास्त वेळ घेतला. मग एका दुपारी सगळे टीव्ही बघत असताना ती मधल्या खोलीत आली आणि चक्क उताणी झोपली. पोट वर, तीन पाय हवेत. ज्याला कुणाचा भरवसा नाही तो प्राणी असं पोट उघडं टाकून झोपत नाही. आम्ही कुणीही हललो नाही, मुलाने टीव्हीचा आवाज बंद केला.

तिला बिचारी म्हणणाऱ्यांनी तिला पळताना बघावं. उरलेला मागचा पाय ती शरीराच्या मधोमध टाकते. तो तोल तिला कुणी शिकवला नाही. वळण घेताना तर चार पायांची कुत्री मागे पडतात.

नेरूळ

आमच्याकडे ससा. सोसायटीच्या गेटपाशी खोक्यात ठेवून कुणी निघून गेलं होतं, ऐन मे महिन्यात. सशाला उकाडा सोसत नाही, त्यामुळे ती दुपार तिथेच गेली असती तर तो वाचला नसता. आता उन्हाळ्यात बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून देतो, तिला टेकून बसतो.

गाजर खाणारा ससा हे चित्र डोक्यातून काढून टाका. गाजरात साखर फार, ते अगदी कधीतरी. त्याचं खरं जेवण सुकं गवत, कारण दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात. भाज्यांत कोथिंबीर सगळ्यात प्रिय. जुडीचा दोरा सोडल्याचा आवाज त्याला आतल्या खोलीत कळतो! आणि खूश झाला की सरळ वर उडी मारतो, हवेतच अंग पिळतो, डोकं एकीकडे आणि पाय दुसरीकडे. ऑफिसातून कितीही दमून आले तरी ती उडी दिसली की दिवस मार्गी लागतो. ससा फारसा आवाज करत नाही, म्हणून त्याचा आनंद डोळ्यांनीच ऐकायला शिकावं लागतं.

घणसोली गाव

आमची कोंबडी चालेल ना? मालवाहू टेम्पोतून ठाणे-बेलापूर रस्त्यावर पडलेली पांढरी ब्रॉयलर. भावाने उचलून आणली. घरात सगळे म्हणाले, ही जगायची नाही. ही जातच भराभर वजन वाढावं म्हणून तयार केलेली, साधारण सहा आठवड्यांत कापायला जाते. पायांना स्वतःचं ओझं पेलत नाही, काळजावरही ताण येतो. डॉक्टरांनी मोजून खाणं द्यायला सांगितलं आणि आईने ते काटेकोर पाळलं.

मला सांगायचंय ते वेगळंच. या कोंबडीने जन्मात माती बघितलेली नव्हती. अंगणात सोडली तेव्हा ती नुसती उभी राहिली. मग एकदम पायांनी उकरायला लागली, खड्डा केला, त्यात बसली, पंखांनी धूळ अंगावर घ्यायला लागली. शेजारच्या गावठी कोंबड्या करतात अगदी तसं. ते तिच्या अंगातच होतं, फक्त जागा मिळाली नव्हती. आई तेव्हा पायरीवर बसून रडली होती. आता आई सुकट निवडायला बसली की ही शेजारी हजर. कुणी विचारलं तर आई म्हणते, “ही कोंबरी नाय, माझी पोरगी हाय.” आमच्याकडे आता घरात चिकन शिजत नाही. कुणी ठरवलं नाही, आपोआप बंद झालं.

वर्तकनगर

माझ्या काकांकडे पिंजऱ्यात पोपट आहे. खूप बोलतो. त्याच्याबद्दल लिहू का?

पाचपाखाडी

नका लिहू, दादा, आणि रागावू नका. आपला हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, तो घरात ठेवताच येत नाही. वन विभागाचा हेल्पलाइन क्रमांक १९२६ आहे, काकांना तिथे फोन करायला सांगा. परस्पर खिडकीतून सोडू नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या पंखांत बळ नसतं, खाणंही शोधता येत नाही. येऊरच्या झाडांवर संध्याकाळी पोपटांचे थवे उतरतात, ते काकांना एकदा दाखवा.

खारघर

कासव. गाव सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाने आमच्या बाबांना दिलं. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, अमेरिकेतलं मूळ असलेलं. दुकानात नाण्याएवढं दिसतं आणि पुढे जेवणाच्या ताटलीएवढं होतं, वीस-तीस वर्षं सहज जगतं. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून लोक कंटाळून तलावात सोडतात. तसं कधीच करू नये. आपल्या तलावातल्या देशी कासवांचं खाणं आणि ऊन शेकायच्या जागा ती बळकावतात.

बाबा निवृत्त झाल्यापासून गप्प गप्प असायचे. आता सकाळी त्याचं पाणी बदलणं हे त्यांचं पहिलं काम. पाण्यात असल्याशिवाय त्याला घास गिळता येत नाही, हे बाबा आल्यागेल्याला समजावून सांगतात. दगडावर ऊन खाताना ते मागचे दोन्ही पाय ताणून पसरतं, बोटं फाकवून. बाबाही शेजारी खुर्ची टाकून पाय पसरतात. त्यांची चप्पल वाजली की ते पोहत काचेशी येतं. माझी वाजली तर येत नाही, हे मी मान्य केलंय.

कोपरी

बोका, तांबडा. पावसात भिजत आला, कोरडा झाला, गेलाच नाही. रोज रात्री माझ्या उशीचा अर्धा भाग त्याचा. बाकी काय लिहू, सुखात आहोत.

वाशी

आमची राणी लॅब्राडोर, पण विकत घेतलेली नव्हे. पिल्लं विकण्यासाठी ठेवलेली मादी, वय झाल्यावर पाम बीच रस्त्याच्या कडेला सोडून दिलेली. तोंड पांढरं, पोट लोंबतं, एका डोळ्यात मोतीबिंदू. सासूबाई सोवळं पाळणाऱ्या. त्यांनी बजावलं होतं, स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायचा नाही.

राणीला जिना माहीत नव्हता. गवत माहीत नव्हतं. सागर विहारला पहिल्यांदा नेली तेव्हा एकेक पाय उचलून बघत होती. चेंडू टाकला तर दचकली. म्हातारपणी तिचं बालपण सुरू झालं आणि आम्हाला ते बघायला मिळालं, याहून मोठं भाग्य मला माहीत नाही. आता चेंडू आणून देत नाही, त्यावर झोपते. उंबरठ्याचं म्हणाल तर तो तिने आजही ओलांडलेला नाही. सासूबाईच पाट उचलून बाहेर येतात, तिच्याजवळ बसून भाजी निवडतात आणि तिला गावाकडच्या गोष्टी सांगतात. म्हातारं कुत्रं घेऊ की नको असा प्रश्न कुणाच्या मनात असेल तर घ्या. काळ थोडा मिळतो, पण त्यातला एकही दिवस वाया जात नाही.

ऐरोली

वाचून धीर आला. रविवारी पिल्लू आणतोय, देशी, आई नसलेलं. तयारी काय करू?

पाचपाखाडी

अभिनंदन! पहिल्याच दिवशी आंघोळ घालू नका आणि नातेवाइकांना बघायला बोलावू नका. आधी डॉक्टर, जंताचं औषध. पार्व्होची (पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार) लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, रेबीजची तीन महिन्यांनंतर. डोस पुरे होईपर्यंत रस्त्यावर उतरवू नका, पार्व्हो फार वेगाने नेतो. कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत रोज गोचीड बघा. ताप आला, खाणं सुटलं, हिरड्या फिक्या दिसल्या तर त्याच दिवशी रक्त तपासा. कांदा घातलेलं काहीही नको, चॉकलेट आणि द्राक्षंही नकोत. रात्री रडेल तेव्हा खाली गादी टाकून त्याच्या शेजारी झोपा.

नाव ठरलं की लगेच कळवा, ताई असो की दादा.