अनुभव धागा: पिक्चर राहू द्या, ट्रेलरलाच घाबरलात का कधी?

गवतीचहा
परवा एकादशीचे साबुदाणा वडे तळत होते. बहिणीचा मुलगा (नववीत) ओट्याला टेकून मोबाईल बघत उभा. एकदम त्यातून किंकाळी आली आणि नेमका त्याच क्षणी कढईत वडा फुटला. तेल मनगटावर. मी ओरडले, तो ओरडला, हॉलमधून सासूबाई "काय पडलं गं?" म्हणून ओरडल्या. कार्टं भुताच्या पिक्चरचा ट्रेलर बघत होतं.

मनगट नळाखाली धरून झाल्यावर म्हटलं, दाखव बघू काय ते. तर हा तो आधीच अकरा वेळा बघून बसलेला! "मावशी, 1 मिनिट 42 सेकंदाला बघ. तिच्याकडे नको, मागच्या आरशात बघ." बाराव्या वेळीही तो दचकला आणि मग असा काही खूश होऊन हसला की बस. पिक्चरला जाणार का विचारलं तर म्हणे, "बघू."

मला एकदम कराड आठवलं. 1984-85. रामसेंचा 'पुराना मंदिर' आला होता, मी तिसरीत. आम्हाला कुठला ट्रेलर? आमचा ट्रेलर म्हणजे भोंगा लावलेली रिक्षा. दोन्ही बाजूंना पोस्टरं, आतला माणूस माईक जवळजवळ तोंडात घालून बोलणार, मागून गुलाबी कागद उडवणार आणि आम्ही ते गोळा करत धावणार. "कमजोर काळजाच्यांनी येऊ नये" हे तो इतक्या प्रेमाने म्हणायचा की आमंत्रणच वाटायचं. शाळेतून येताना दादा मला टॉकीजच्या काचेच्या पेटीपाशी न्यायचा. आत टाचणीने लावलेले आठ-दहा फोटो. उन्हाने रंग उडून त्यातला एक चेहरा पार निळा पडला होता. दादा मला उचलून धरायचा, मी एक डोळा किलकिला करायचे आणि "पाहिलं, पाहिलं, उतरव" म्हणायचे. पिक्चर मी आजतागायत पाहिलेला नाही. तो निळा चेहरा मात्र लाइट गेले की अजून येतो.

तर लिहा आपापले. ट्रेलर, पोस्टर, टीव्हीवरचा प्रोमो, काहीही चालेल. आणि पोरं हे पुन्हा पुन्हा का बघतात तेही कोणीतरी सांगा.

रानमेवा
मस्त धागा! रुमाल टाकून ठेवतेय, माझा मोठा किस्सा आहे. कुकर लावून येते.

टांगापलटी
हसून हसून पुरेवाट. वडा फुटला त्याला भूत जबाबदार नाही, साबुदाण्यात पाणी राहिलं होतं. पुढच्या एकादशीला निथळून घ्या.

उसाचं_पाचट
आमचं घर मळ्यात. रस्त्यापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस, मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट. 2017 ला 'लपाछपी'चा ट्रेलर आला तेव्हा बारावीला होतो. एसटी स्टँडवर मित्राच्या फोनवर पाहिला. त्यात सगळा ऊसच ऊस. तिथे चौघात काही वाटलं नाही, उलट "आपलंच रान दिसतंय की" म्हणून हसलो.

संध्याकाळी क्लासवरून येताना वाटेत शिरलो आणि सायकलची चेन पडली. वारं सुटलेलं. उसाची सळसळ जन्मापासून ऐकतोय, तिच्यावर झोपतोय म्हणा ना. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आत कोणीतरी पाय न वाजवता चालतंय. चेन न बसवता सायकल खांद्यावर टाकून पळालो. आईने विचारलं तर सांगितलं, रानडुक्कर होतं. मग काय, वडील आणि चुलते बॅटऱ्या घेऊन रात्री बारापर्यंत डुक्कर शोधत बसले. 😂

गवतीचहा
अरे देवा! वडिलांना अजून माहीत नाही?

उसाचं_पाचट
नाही आणि हा धागा त्यांना कोणी दाखवू पण नका. त्या डुकराची गोष्ट ते आता पाहुण्यांना सांगतात. मागच्या वेळी त्याला सुळे फुटले होते.

कट_टू_कट
मुंबईत प्रोमोच्या साउंडचं काम करतो, म्हणून जरा आतलं सांगतो. लोकांना वाटतं मोठ्या आवाजाने घाबरवतात. आवाजाने माणूस दचकतो फक्त. भीती त्याआधीच्या शांततेत भरलेली असते. आधी 'रायझर' चढवत न्यायचा, म्हणजे कोणीतरी दोरी पिळत चाललंय असा सूर. मग सगळं एकदम कापायचं. रातकिडे, वारा, सगळं बंद. बघणाऱ्याला वाटतं आता येणार, तो अंग चोरतो. तिथे काहीच येऊ द्यायचं नाही. मांजर नाही, काही नाही. तो "हॅ" म्हणून सैल पडला की 'हिट', म्हणजे एकदम मोठा आवाज, मारायचा.

हल्ली जास्त डोकं फोनसाठी चालवावं लागतं. थिएटरात छातीत घुमतो तो खालचा बास फोनच्या एवढ्याशा स्पीकरला झेपतच नाही, फुस्स होतो. म्हणून नखं, श्वास, लाकडाची करकर, असले मधल्या पट्टीतले आवाज भरायचे. पोरं कानात इअरफोन घालून बघतात, तिथे श्वास फक्त डाव्या कानात दिला की मान वळतेच वळते. मी एकदा घरच्या पोळ्यांच्या डब्याचं झाकण फरशीवर अगदी सावकाश फिरवून आवाज घेतला होता. मग कॉम्प्युटरवर तो निम्म्या वेगाने लावला. बायकोने ऐकला आणि दुसऱ्या दिवसापासून पोळ्या फडक्यात.

निरागस_नागीण
डबा अजून आहे का? 😄

कट_टू_कट
आहे. त्यात खिळे ठेवतो.

पोहेवाली_आत्या
मला सांगा, असल्या ट्रेलरमध्ये लहान मुलांची बडबडगीतं का घालतात? आमच्याकडे एक अंगाईगीत त्यापायी कायमचं बाद झालंय. नातीला म्हणायला गेले तर म्हणाली, "आजी, क्रीपी वाटतं, नको."

कट_टू_कट
आत्या, ओळखीच्या चालीचा वेग कमी केला आणि मागची वाद्यं काढून टाकली की झालं. अनोळखी आवाजाला माणूस सावध असतोच, आईच्या आवाजाला नसतो. (तुमच्या नातीची माफी मागतो.)

बाकावरचा_बाळ्या
इथे बहुतेक सगळ्यात लहान मीच, 19. आयडी आईचा आहे, ती दळण आणायला गेलीये तेवढ्यात लिहितो.

गवतीचहा मावशी, "का बघतात" याचं उत्तर: आम्ही एकट्याने बघतच नाही. हॉस्टेलला (नागपूर) ट्रेलर आला की सात जण एका खोलीत, लाइट बंद, फोन बादलीला टेकवून ठेवायचा. जो पहिला हलेल त्याने सगळ्यांना मॅगी. त्यामुळे ट्रेलरकडे लक्ष कमी आणि एकमेकांच्या खांद्यांकडे जास्त. तुमचा भाचा अकरा वेळा बघतो ते प्रॅक्टिस करत असेल! उद्या वर्गात सगळ्यांसमोर दाखवताना आपण हलायचं नाही आणि दुसऱ्याला पाडायचं.

दुसरं म्हणजे खाली ती लाल रेघ दिसते ना. अजून 40 सेकंद राहिलेत हे कळत असतं. अंगठा आवाजाच्या बटणावर. मग बिनधास्त घाबरता येतं. थिएटरमध्ये अंगठा कुठे ठेवणार? शिवाय तिकीट 300, ट्रेलर फुकट. परीक्षेच्या निकालाला, घरून येणाऱ्या फोनला घाबरण्यापेक्षा हे बरं, दोन मिनिटांत संपतं.

खरं सांगायचं तर त्या रात्री पॅसेजच्या टोकाच्या बाथरूमला कोणी एकटं जात नाही. पण तसं म्हणायचं नाही. "चल रे, दात घासून येऊ" म्हणायचं. रात्री दीडला सहा जण ओळीने दात घासतात.

मिरजमामा
"दात घासून येऊ" 👏 आमच्या वेळी "चल, उद्याचं टाइमटेबल विचारायचंय" होतं.

बाकावरचा_बाळ्या
आई आली. पळतो.

खडूडस्टर
शाळेत आहे (शिक्षिका). जून 2024 मध्ये शाळा उघडली तेव्हा 'मुंज्या' नुकताच, 7 तारखेला, लागला होता. आठवीच्या वर्गात पहिल्याच दिवशी निम्म्यांनी पिक्चर आणि सगळ्यांनी ट्रेलर पाहिलेला. मी फळ्यावर "परिमेय संख्या" लिहितेय आणि मागून प्रश्न, "मॅडम, सोडमुंज म्हणजे काय?" झालं, अर्धा तास गेला. मुंज झाल्यावर सोडमुंजीआधीच (म्हणजे मुंजीतलं ब्रह्मचर्याचं व्रत सोडायच्या विधीआधी) गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, हे मी माझ्या आजीकडून ऐकलं होतं तसं सांगितलं. वर्ग एकदम चिडीचूप. एरवी ओरडून घसा बसतो तरी होत नाहीत इतके.

गडबड मधल्या सुट्टीत झाली. आमच्या मैदानाच्या कोपऱ्यात पिंपळ आहे, त्याच्या पारावर डबे खायला रोज जागेवरून भांडणं. त्या दिवशी पार रिकामा. सगळी पोरं भर उन्हात घोळका करून उभी, डबे हातात, नजर पिंपळावर. शेवटी शिपाईमामा पारावर जाऊन आडवे झाले तेव्हा एकेक जण सरकला. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं ते वेगळंच.

टांगापलटी
शिपाईमामांना सलाम. अवांतर: वड्यात बटाटा किती घेता?

गवतीचहा
दोन वाट्या भिजलेल्या साबुदाण्याला दोन मध्यम. कूट भरपूर. ओ, पण धागा भरकटवू नका!

अवंतिका_अकोला
माझा अनुभव हसण्यासारखा नाही, तरी लिहिते. मुलीला (वय 5) कार्टूनच्या पिक्चरला नेलं होतं. पिक्चर सुरू व्हायच्या आधी एकदम भुताचा ट्रेलर! तिच्या डोळ्यांवर हात ठेवला, पण कान राहिले. कान झाकले तर तिने डोळे उघडले. दोनच हात आहेत मला. बाहेर जाऊन तक्रार केली तर "वरून असंच आलंय" आणि हातात पॉपकॉर्नचं कूपन. पुढे महिनाभर ती लाइट लावून झोपली. म्हणून कौतुक करायला हात जरा आखडतो.

कट_टू_कट
अवंतिकाताई, वाईट वाटलं वाचून. थिएटरात लावायच्या ट्रेलरलाही सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. यूएचे (म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायचे) आता 2024 च्या नियमांपासून 7+, 13+, 16+ असे तीन भाग आहेत, पाटीवर बघत जा. नेटवर येतो त्याला मात्र ते लागत नाही, तिथे प्लॅटफॉर्मचे स्वतःचे नियम. 2018 ला 'द नन'ची सहा सेकंदांची जाहिरात यूट्यूबने काढून टाकली होती. स्क्रीनवर आवाजाचं चिन्ह कमी कमी होत जायचं, बघणाऱ्याला वाटायचं फोनच म्यूट होतोय, तो आवाज वाढवणार तेवढ्यात चेहरा अंगावर. आमच्या धंद्यातल्या लोकांनी तोंडाने "चूक आहे" म्हटलं आणि मनातल्या मनात "हे मला का सुचलं नाही".

पोहेवाली_आत्या
अवंतिका, लेकीला आमच्याकडून खाऊ. आता कशी आहे?

अवंतिका_अकोला
आता 11 ची आहे आणि मला ट्रेलर दाखवून घाबरवते. 😐

ओहायोचा_ओंकार
2009, इथे एमएस करत होतो. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'च्या ट्रेलरमध्ये भूत जवळजवळ नाहीच. अंधारात बसलेले प्रेक्षकच दाखवले होते, सीटवरून उडणारे, शेजाऱ्याच्या खांद्यात तोंड लपवणारे. पिक्चर म्हणे पंधरा हजार डॉलरच्या आसपास खर्चात काढलेला. आम्ही चार देशी पोरं, महिन्याच्या किराणाचा हिशेब सेंटमध्ये ठेवणारे, तरी गेलो. मी पूर्ण वेळ पाय सीटवर घेऊन बसलो. घरी आल्यावर रूममेट म्हणाला, रामरक्षा येते का कोणाला? तिघांना मिळून अर्धी आली. उरलेली कोल्हापूरला आईला फोन लावून घेतली. तिकडे सकाळ होती. ती म्हणाली, "अभ्यास कर."

जुनाट_रीळ
ओंकार, भूत न दाखवता विकायची युक्ती त्याहून जुनी. 'सायको'चा 1960 चा ट्रेलर बघा, सहा मिनिटांहून मोठा आहे. दिग्दर्शक हिचकॉक स्वतः भाड्याने घर दाखवणाऱ्या एजंटासारखा फिरतो. इथे जिना, हे कपाट, इथे अमुक झालं, जाऊ दे, सांगत नाही. शेवटी न्हाणीघराचा पडदा सरकवतो आणि किंकाळी. गंमत म्हणजे किंकाळणारी बाई पिक्चरची नायिका जॅनेट ली नाहीच, केसांचा टोप घातलेली त्यातलीच दुसरी नटी व्हेरा माइल्स आहे! आताच्या ट्रेलरांत पूर्ण पिक्चर दाखवून टाकतात, मग उरतं काय?

मिरजमामा
रीळराव, तुम्ही प्रत्येक धाग्यावर "आताच्या" वर येताच. गमतीने म्हणतोय, हलके घ्या.

निरागस_नागीण
मला 'झपाटलेला'चं पोस्टर पुरलं. भावाने माझी बाहुली त्याच दिवशी माळ्यावर टाकली. मी टाकायला सांगितली होती, पण आता आळ त्याच्यावर.

जुनाट_रीळ
तो बाहुला रामदास पाध्यांनी केलेला. त्यांच्याच घरातल्या अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याला बघून मात्र आपण खदाखदा हसायचो.

निरागस_नागीण
मी अर्धवटरावालाही घाबरायचे. 🙈

गवतीचहा
दोन अपडेट.

एक, भाचा रविवारी मित्रांबरोबर पिक्चर बघून आला. तोंड पाडून. आरशातला सीन पिक्चरमध्ये नव्हताच! दोघांना झोप लागली म्हणे. घरी आला, हातपाय धुतले आणि पुन्हा ट्रेलर लावला.

दुसरं, काल दादाला फोन केला. म्हटलं, तो निळा चेहरा आठवतो का रे, टॉकीजच्या पेटीतला? तर म्हणतो, "कसला निळा चेहरा? मी कधी वर बघितलंच नाही. तुला उचललं की मी तुझ्या चपलांकडे बघायचो. म्हणून तर तुला न्यायचो, तू सांगशील काय आहे ते." आणि मी चाळीस वर्षं समजतेय की हा शूर. पोरांना दुसऱ्या दिवशी वर्गात काय काय रंगवून सांगायचा हा, सगळं माझ्या "पाहिलं, पाहिलं" वर!

उसाचं_पाचट
दादांना आमच्या वडिलांशी भेटवा. डुकराचं सांगतील.

टांगापलटी
वडे केले. फुटले नाहीत.

रानमेवा
कुकर झाला. बापरे, एवढे प्रतिसाद! लिहिते आता. तर आमच्या वाड्यात