मराठी कोकणीपेक्षा हिंदीला जवळची निघतेय! हिशेबात काय चुकतंय?

मंडळी, मदत हवी आहे. घरात मालवणी, शेजारी गोव्याची कोकणी ऐकत वाढलो, म्हणून या भाषांमधलं अंतर आकड्यात काढायची हौस आली. स्वादेशच्या यादीतले (भाषांची तुलना करायला वापरतात ते रोजचे, मूलभूत) शब्द घेतले आणि पायथनमध्ये लेव्हेनश्टाइन अंतर मोजलं: एका शब्दाचा दुसरा करायला किती चिन्हं बदलावी, घालावी किंवा गाळावी लागतात, भागिले लांब शब्दाची लांबी. ० म्हणजे तोच शब्द, १ म्हणजे काहीच जुळत नाही.

आता बघा (आधी हिंदी, मग कोकणी). पाणी-पानी ०.२५, पाणी-उदक थेट १. कुत्रा-कुत्ता ०.१७, कुत्रा-सुणें ०.८३. दात (दाँत, दांत) दोन्हीकडे ०.२५. डोळा-आँख १ हे पटलं, पण डोळा-दोळो ०.५? आपला शेवटचा 'आ' तिकडे 'ओ' होतो (घोडा-घोडो) हे शेंबडं पोरही सांगेल, प्रोग्राम मात्र दर वेळी नव्याने दंड लावतो. या चार शब्दांची सरासरी हिंदीशी ०.४२, कोकणीशी ०.६५. आणि 'उदक' आपल्याला परकं थोडंच आहे? हक्कावर उदक सोडतोच की आपण.

दुसरं म्हणजे 'त्रा' हे प्रोग्रामला चार चिन्हं दिसतात, तर 'चार' आणि 'चाक' यांतला 'च' एकच. काय करू?

(कोकणी भाषा की बोली, हा वाद इथे नको. १९९२ पासून ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे.)

प्रतिसाद: लिपी बाजूला ठेवा, उच्चार लिहून घ्या. केसलर या भाषा-संशोधकाने १९९५ मध्ये आयर्लंडच्या गेलिक बोलींवर हे अंतर वापरलं ते उच्चारांवरच. 'ड'चा 'द' झाला तर दंड कमी ठेवा, 'ड'चा 'म' झाला तर पूर्ण. पण पाणी-उदकचं दुखणं त्याने जाणार नाही, कारण ते शब्द एका मुळाचे नाहीतच. डोळा-दोळो आहेत. म्हणून आकडे दोन काढा: एका मुळाचे शब्द किती, आणि फक्त तेवढ्यांमधलं उच्चारांचं अंतर किती. चार शब्दांवर तर काहीच ठरवू नका. आणि मराठी-कोकणीत नपुंसकलिंग आहे, हिंदीत नाही. शब्दांच्या यादीला हे कधीच दिसणार नाही, त्याचा हिशेब वेगळा.

धागाकर्ता: दोन आकड्यांचं पटलं, धन्यवाद. मालवणी उच्चारांसाठी आत्याला उद्या फोन लावतो. यादी २०७ शब्दांची आहे, मधे गजाली किती होतील याचा नेम नाही.