जे जे भेटे भूत... आणि आठ महिने भाडं न देणारा भाडेकरू

महालची_पोट्टी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे पण घरात रोजचं भांडण होऊन राहिलं म्हणून विचारते. नागपूरला महालात आमचं जुनं घर आहे, वरच्या दोन खोल्या भाड्याने देतो. आत्ता जो भाडेकरू आहे त्याने आठ महिने झाले एक रुपया दिला नाही. आधी म्हणे नोकरी गेली, ठीक आहे बाप्पा, मग म्हणे सासऱ्याचं ऑपरेशन, तेही ठीक, आणि परवा गेटमधून नवीकोरी बाइक घेऊन आला, पेढे द्यायला खाली पण आला! हप्त्यावर घेतली म्हणे. म्हणजे बाइकचा हप्ता जमते, आमचं भाडं नाही जमत.

मी म्हटलं आता नोटीस. तर आई म्हणते नको. आई रोज सकाळी ज्ञानेश्वरी वाचते, मी शाळेत होते तेव्हापासून बघून राहिली, एक दिवस खंड नाही. ती लगेच म्हणते "जें जें भेटे भूत । तें तें मानिजे भगवंत", आणि वरून त्याच्या पोरांना गोळाभात पाठवते, चिंचेचं सार वेगळ्या डब्यात. नामदेवाच्या भाकरी पळवणाऱ्या कुत्र्याचं पण ऐकवते, की नामदेव काठी घेऊन नाही धावला, तुपाची वाटी घेऊन धावला. मी चिडून म्हटलं की मग या महिन्याचं लाइट बिल पण भगवंतच भरेल का, दोन दोन कूलर चालू आहेत वर, तर तेव्हापासून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तर प्रश्न असा की सगळ्यांत देव पाहायचा म्हणजे नेमकं करायचं काय? फसवणाऱ्याला सोडून द्यायचं? की हे सगळं साधू लोकांसाठी आहे आणि आपण घरभाड्यावर दवाखान्याचा खर्च काढणाऱ्यांनी त्यात पडूच नये? खरं सांगते, मला त्या माणसात देव दिसत नाही, बाइक दिसते.

तर्रीपोहा

ताई देवाचं नंतर पाहू, अॅग्रीमेंट आहे का? रजिस्टर केलं होतं का? ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स असेल आणि मुदत संपली असेल तर तो आता भाडेकरू पण नाही राहिला, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट रक्कम मागायची सोय आहे. आणि साधा भाडेकरू असेल तर थकबाकीची लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावं लागते मग कोर्टात. वकिलाला कागद दाखवा. गोळाभात मात्र चालू ठेवा, पोट्ट्यांचा काय गुन्हा आहे.

धंतोलीचे_काका

तर्रीपोहा भाऊंनी कागदाचं सांगितलं, मी ओवीचं सांगतो. टायपिंग हळू आहे माझं, चुका पोटात घाला.

बाई, तुमची आई म्हणते ती ओवी दहाव्या अध्यायात ११८ वी आहे. तीत शब्द काय आहे ते बघा, "मानिजे". दिसेल असं माउली म्हणत नाहीत, मानावा असं म्हणतात. आधी मानायचं, दिसायचं ते पुढे केव्हा तरी. तुम्हाला दिसत नाही यात लाजण्यासारखं काही नाही कारण गीतेतच सातव्या अध्यायात १९ व्या श्लोकात स्पष्ट आहे की "वासुदेवः सर्वमिति" असं ज्याला कळलं तो महात्मा फार दुर्लभ, आणि ते कळतं केव्हा तर पुष्कळ जन्मांच्या शेवटी. आठ महिन्यांत कुठून दिसणार.

दुसरं, पाचव्या अध्यायातला १८ वा श्लोक सगळ्यांना पाठ असतो, विद्याविनयसंपन्न ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक या सर्वांकडे पंडित समदृष्टीने बघतात. आता हा पंडित गायीला कडबा घालील, कुत्र्याला भाकरी, हत्तीला ऊस. कुत्र्यासमोर कडब्याची पेंढी टाकली तर ती समदृष्टी नाही, तो बावळटपणा झाला. श्लोकात शब्द समदर्शी आहे, सगळ्यांशी एकसारखं वागा असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. बघणं सम ठेवायचं, वागणं ज्याचं त्याप्रमाणे.

रामकृष्ण परमहंस यावर हत्तीची गोष्ट सांगत. गुरूने सांगितलं सगळं नारायण आहे. शिष्य रानात गेला तर पिसाळलेला हत्ती समोरून येतोय, वर बसलेला माहूत ओरडतोय बाजूला व्हा बाजूला व्हा, हा मात्र हात जोडून स्तोत्र म्हणत उभा, की हत्ती पण नारायण. हत्तीने सोंडेत धरून आपटला. शुद्धीवर आल्यावर गुरू म्हणाले, अरे हत्ती नारायण होता खरं, पण माहूत नारायण सांगत होता ना बाजूला हो म्हणून, त्याचं का नाही ऐकलंस? तुमच्या आईला विचारा, वरच्या मजल्यावर नारायण आहे तशी खाली बसलेली, लाइट बिल घेऊन ओरडणारी मुलगी पण नारायणच आहे की नाही!

महालची_पोट्टी

काका हसू आलं, थँक्यू. ही गोष्ट आईला आत्ताच वाचून दाखवली. ती म्हणते गोष्ट तिला माहीत आहे, आणि प्रत्येकालाच वाटते की माहूत आपणच. यावर मला काही बोलता नाही आलं :(

@तर्रीपोहा अॅग्रीमेंट ११ महिन्यांचं होतं, दोन वर्षांपूर्वीचं, नंतर नवीन केलंच नाही. रजिस्टर केलं होतं बहुतेक, कपाटात शोधते.

पारायणवाली

तुझ्या आईचं बरोबर आहे गं, माहूत कोण हा प्रश्न खराच आहे, आमच्या घरी तं सासूबाई पण माहूत आणि मी पण माहूत, हत्ती बिचारे आमचे हे.

मी दर चातुर्मासात भागवत वाचते म्हणून सांगते. अकराव्या स्कंधाच्या दुसऱ्या अध्यायात भक्तांच्या तीन पायऱ्या दिल्या आहेत. सगळ्यात खालचा तो जो फक्त मूर्तीची पूजा करते, बाकी लोकांचं त्याला काही पडलेलं नसते (आपल्यातले नव्वद टक्के, मी धरून). सगळ्यात वरचा तो ज्याला सगळ्या भूतांत भगवंत आणि भगवंतात सगळी भूतं दिसतात. आणि मधला जो आहे ना तो आपल्या कामाचा. तो देवावर प्रेम करते, भक्तांशी मैत्री करते, अज्ञानी माणसावर कृपा करते आणि जो द्वेष करते त्याची उपेक्षा करते. उपेक्षा! म्हणजे हे सुद्धा शास्त्रात बसते. सगळ्यांच्या गळ्यात गळा घालायची सक्ती नाही, मनात वैर मात्र धरायचं नाही. नाथ महाराजांनी याच अकराव्या स्कंधावर मराठीत टीका लिहिली, १५७३ मध्ये काशीला पूर्ण झाली, आणि ते काही डोंगरात बसलेले नव्हते, पैठणला बायकापोरांचा संसार करत होते. गंगेची कावड रामेश्वरला नेताना तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली ती गोष्ट त्यांचीच. त्यामुळे साधूंसाठीच आहे हे काही मला पटत नाही.

आणि एक. ईशावास्य उपनिषदाचा पहिलाच मंत्र घे. अर्धा मंत्र सगळे सांगतात की या जगात जे जे हलते ते ईश्वराने व्यापलेलं आहे. उरलेला अर्धा कोणी सांगत नाही. तो आहे "मा गृधः कस्य स्विद्धनम्", कोणाच्याही धनाचा लोभ धरू नको. एकाच श्वासात दोन्ही सांगितलंय. तेव्हा तो मंत्र तुमच्या वरच्या मजल्यावर पण लागू आहे, आठ महिन्यांचं भाडं कोणाचं धन आहे? आईने ओवी तुला ऐकवण्यापेक्षा जिना चढून त्याला ऐकवावी असं माझं प्रामाणिक मत.

तर्रीपोहा

जिना चढून ईशावास्य 😂 स्पीड पोस्टाने पाठवा पावतीसकट

इंदोऱ्याचा_वाचक

सगळं वाचलं. चर्चा चांगली आहे पण एका गोष्टीवरून सगळे अलगद पाय उचलून पुढे जाऊन राहिले. काकांनी जो श्लोक सांगितला त्यात गाय, हत्ती, कुत्रा आणि त्यांच्याच ओळीत श्वपाक आहे. श्वपाक म्हणजे कोण ते काकांना माहीत आहे, ते त्यांनी फोडून सांगितलं नाही. तो माणूस आहे, अस्पृश्य ठरवलेला, आणि यादीत त्याचा नंबर कुत्र्यानंतर लागतो. त्याच्याकडे समदृष्टीने "बघायचं" आणि वागणं "ज्याचं त्याप्रमाणे" ठेवायचं हेच तर हजार वर्षं चाललं ना? चोखोबाला विठ्ठल दिसला, पण देवळात जाता आलं नाही, त्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. पंढरपूरचं देऊळ सगळ्यांसाठी उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. दर्शन सम आणि वर्तन विषम, यालाच तर आम्ही कंटाळलो होतो.

बाबासाहेबांनी यावर 'रिडल्स इन हिंदुइझम' या पुस्तकात लिहिलं आहे, ते १९८७ मध्ये महाराष्ट्र सरकारने छापलं आणि त्यावरून मोठा गोंधळ झाला होता. लोकांना फक्त राम आणि कृष्णावरचा वाद आठवते. पण त्याच पुस्तकात ब्रह्मावर एक प्रकरण आहे आणि त्यात ते म्हणतात की सर्व काही ब्रह्म आहे, तू पण तेच आहेस, मी पण तेच आहे, लोकशाहीला याच्याहून पक्का पाया सापडणार नाही, सगळी देवाची लेकरं आहेत या म्हणण्यापेक्षाही हा पाया पक्का. आणि मग विचारतात की एवढा पाया असून त्यावर समाज का नाही उभारला? माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीच्या त्या मैदानात होते, त्यांना उपनिषद वाचता येत नव्हतं पण हा प्रश्न त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी आस्तिक नाही त्यामुळे तुमच्या भाडेकरूत काय आहे ते मला ठाऊक नाही. मला ताईंना एकच विचारायचं आहे, रागावू नका. दोन वर्षांपूर्वी खोली देताना त्याला आडनाव विचारलं होतं का?

धंतोलीचे_काका

वाचक, बरोबर पकडलंत. श्वपाक शब्द मी फोडला नाही हे खरं आहे, आणि तो चुकून राहिला असंही म्हणणार नाही, तिथे मान खाली जाते म्हणून पुढे सरकलो. "वागणं ज्याचं त्याप्रमाणे" हे मी त्या माणसाने काय केलं त्याबद्दल म्हटलं होतं, तो कुठे जन्मला त्याबद्दल नाही, पण आपल्याकडे या दोन्हीची सरमिसळ किती सोयीने झाली ते दिसतंच आहे. काशीत आद्य शंकराचार्यांना वाटेत चांडाळ भेटला, त्याला बाजूला हो म्हटलं तेव्हा त्याने विचारलं की बाजूला कोणाला करता, अन्नाच्या देहाला की आतल्या चैतन्याला? आचार्यांनी त्याला गुरू म्हटलं अशी कथा आहे. कथा आम्ही भक्तिभावाने सांगतो. गल्लीत मात्र बाजूला हो चालूच राहिलं.

पारायणवाली

काका 🙏 माझ्याकडे बोलायला काही नाही यावर. भागवतातच त्याच अकराव्या स्कंधाच्या एकोणतिसाव्या अध्यायात आहे की लोक हसले तरी चालेल, लाज सोडून कुत्रा, चांडाळ, गाय, गाढव सगळ्यांना जमिनीवर दंडवत घालावा. मी इतकी वर्षं वाचून राहिली, घातला नाही कधी.

महालची_पोट्टी

दोन दिवस उत्तर दिलं नाही, सॉरी. ऑफिसचं पण होतं आणि खरं म्हणजे वाचकभाऊंच्या प्रश्नाचं काय लिहावं कळत नव्हतं.

हो. विचारलं होतं. आईनेच विचारलं होतं, मी तिथेच बसली होती, मला त्यात काही विशेष वाटलं पण नव्हतं. त्याच्या आधी एक नर्स आली होती खोली पाहायला, मेडिकलमध्ये ड्युटी, पगार नियमित, तिला आईने आडनाव ऐकल्यावर सांगितलं की खोली आमच्या पाहुण्यांना लागणार आहे. पाहुणे काही आले नाहीत. मग हा आला, "आपल्यातला", ओळखीतून, म्हणून डिपॉझिट पण कमी घेतलं.

काल रात्री लाइट गेली होती, आम्ही दोघी गच्चीवर बसलो होतो, गरमी तर विचारू नका, तेव्हा मी हे सगळं तिला वाचून दाखवलं, मोबाइलच्या उजेडात, वाचकभाऊंचं पण. वाटलं चिडेल. ती काहीच बोलली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, त्या नर्सला पाणी तरी दिलं होतं का गं मी? मला आठवत नाही. तिलाही नाही आठवत.

आज सकाळी पोथी वाचून झाल्यावर तिने स्वतःच कपाट उघडून अॅग्रीमेंट काढलं, रजिस्टर्डच आहे. मग वर गेली, मला म्हणाली तू येऊ नको तू ओरडशील. खाली ऐकू येत होतं थोडं, "तुम्ही" म्हणूनच बोलून राहिली होती त्याच्याशी, जूनच्या ३० तारखेपर्यंत खोली खाली करा आणि थकलेलं भाडं चार हप्त्यांत द्या, बाइकचे देता तसे. तो म्हणे काकू तुम्ही तर आईसारख्या आहात. ती म्हणाली हो, म्हणूनच सांगून राहिली, आणि नोटीस पण येईल. परत येताना रिकामा डबा घेऊन आली, त्यातलं सार पोरांनी संपवलं होतं.

@तर्रीपोहा नोटीसचा मसुदा कोणाकडून करून घेऊ, चांगला वकील माहीत असेल तर मेसेज करा, इथे नंबर नका टाकू.

आणि वाचकभाऊ, पुढच्या वेळी टू-लेटची पाटी लागेल तेव्हा आडनाव विचारायचं नाही असं मी आईला म्हटलं. ती म्हणाली, आधी हा खाली तं होऊ दे.

इंदोऱ्याचा_वाचक

खाली झाली की इथे टाका. माझी आतेबहीण दोन महिन्यांपासून महालात खोली पाहून राहिली.